हबशी म्हणजे नक्की कुठले?

नवी मुंबईत राहून जंजिरा न बघितलेला माणूस विरळाच. वीकेंडला मुरूड, शिडाच्या होडीतले फोटो आणि 'सिद्दी म्हणजे हबशी' एवढी माहिती. पण हबशी म्हणजे नक्की कुठले, हे विचारलं की सगळ्यांची गाडी 'आफ्रिकेतले' या स्टेशनावर थांबते.

हबश हे इथिओपियाच्या भागाचं अरबी नाव. पण तिथेही सगळे एक नाहीत. अम्हारिक भाषा अरबी-हिब्रूच्या सेमिटिक कुळातली, तर ओरोमो आणि सोमाली कुशिटिक कुळातल्या. शेजार मात्र इतका जुना, की अम्हारिकमध्ये क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं ते कुशिटिक भाषांमुळे, असं मानतात. ओळखीचं वाटतंय ना? मराठीतला 'आपण' आणि 'आम्ही' हा फरकही द्राविडी शेजारातून आलेला मानला जातो.

आता आपला मलिक अंबर घ्या. १५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्म, मूळ नाव चापू. बरेच इतिहासकार त्याला ओरोमो मानतात, म्हणजे कुशिटिक! गुलाम म्हणून विकला गेला, बगदादमार्गे दख्खनेत आला आणि निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले.

याउलट गुजरात-कर्नाटकातल्या सिद्दींचं आफ्रिकेतलं नातं २०११ च्या जनुकीय अभ्यासात मुख्यतः बांटू लोकांशी जुळलं. भाषाकुळ वेगळं, मुलूखही वेगळा. आपण मात्र सगळ्यांना एकाच फोल्डरमध्ये टाकून मोकळे!

"पण त्याने काय फरक पडतो राव?" पडतो. गुलामांच्या बाजारात माणसाचं नाव-गाव पुसून त्याच्यावर एक शिक्का मारला जायचा. तोच शिक्का आपण अजून वापरतो, तोही बऱ्याचदा शिवीसारखा. आज एखादा आफ्रिकन विद्यार्थी भाड्याने घर शोधत येतो तेव्हा तो इथिओपियाचा की नायजेरियाचा, हे विचारण्याआधीच अनेक सोसायट्यांचं 'नाही' तयार असतं. आणि परदेशात कुणी आपल्याला 'तुम्ही सगळे सारखेच' म्हटलं, की आपल्याला झोंबतं.

दोन मराठी माणसं भेटली की नाव विचारून झाल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला : "मूळ गाव कुठलं?" हाच प्रश्न लिफ्टमधल्या त्या आफ्रिकन शेजाऱ्याला एकदा विचारून तर बघा.