गुठळी विरघळते, रक्तस्रावाचे काय?

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२५ मध्ये पक्षाघातावरील उपचारासाठी 'टेनेक्टेप्लेज'ला मान्यता दिली. तासभर चालणाऱ्या 'अल्टेप्लेज'च्या सलाइनऐवजी आता एकच इंजेक्शन पुरते. सोय वाढली, हे खरे. रक्तस्रावाचा धोका मात्र जवळपास तेवढाच राहिला आहे. कॅनडात २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत मेंदूतील गंभीर रक्तस्रावाचे प्रमाण अनुक्रमे ३.४ आणि ३.२ टक्के आढळले. शिवाय सलाइन मध्येच थांबवता येते, टोचलेले इंजेक्शन मागे घेता येत नाही.

या धोक्याचे मूळ औषधाच्या कार्यातच आहे. मेंदूची वाट अडवणारी गुठळी आणि जखम भरून काढणारी गुठळी यांत ते भेद करीत नाही. त्यातच रक्तपुरवठा तुटल्यावर मेंदूतील सूक्ष्म वाहिन्या कमकुवत होतात आणि प्रवाह परतताच फुटू शकतात. म्हणूनच आधी सीटी स्कॅन करावा लागतो, १८५/११० वरचा रक्तदाब उतरवावा लागतो आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची चौकशी होते. हिरड्यांतून रक्त येणे त्यामानाने किरकोळ. पण जीभ व ओठ सुजून श्वास कोंडण्याचा प्रकारही घडतो, विशेषतः रक्तदाबासाठी 'एसीई इन्हिबिटर' गटातील गोळ्या घेणाऱ्यांत. हृदयविकारात वर्षानुवर्षे वापरलेले स्वस्त 'स्ट्रेप्टोकायनेज' तर पक्षाघातात इतके घातक ठरले, की नव्वदच्या दशकात त्याच्या चाचण्या अर्ध्यावर थांबवाव्या लागल्या.

मग हा उपचार टिकला कसा? १९९५ च्या अमेरिकी चाचणीत ६२४ रुग्ण होते. औषध मिळालेल्यांपैकी ६.४ टक्क्यांना मेंदूत गंभीर रक्तस्राव झाला, न मिळालेल्यांपैकी ०.६ टक्क्यांना. एवढ्यावर कोणीही नकारच देईल. परंतु तीन महिन्यांनंतरचे मृत्यू अनुक्रमे १७ आणि २१ टक्के होते, आणि अपंगत्वाविना सावरलेले रुग्ण औषध घेतलेल्या गटात अधिक होते.

संमतिपत्रात बहुधा पहिलाच आकडा ठळक असतो. 'मोठ्या भावाला येऊ द्या, मग सही करू', असे म्हणणाऱ्या घाबरलेल्या नातेवाइकांना दुसरा आकडा कोणी सांगतच नाही. औषधाची मुदत सर्वसाधारणपणे साडेचार तासांची. आणि जितका उशीर, तितका लाभ कमी होत जातो.