फ्रेम मागून बघावी

गेल्या महिन्यात पुण्याहून भाच्याचा निरोप आला. "मामा, डिसेंबरात येतोयस ना? एक फ्रेम आणशील का? सिंगलस्पीड बांधायचीय. पूर्ण कार्बन आहे, वजन फक्त १२०० ग्रॅम!" सोबत फोटो. काळी, चकचकीत, एखाद्या लढाऊ विमानाचा तुकडा असावा तशी फ्रेम. मी फोटो मोठा केला, मागच्या चाकाचा अ‍ॅक्सल जिथे बसतो तेवढंच टोक बघितलं आणि "आणणार नाही" असं कळवून टाकलं. लगेच ताईचा फोन. पोरगा पहिल्या पगारातून घेतोय, तुझ्या बॅगेत एवढी जागा नाही का, वगैरे वगैरे. जागा आहे हो! पण ती फ्रेम त्याच्या कामाची नाही. हे सांगितल्यावर भाचेबुवांनी मला 'जुन्या विचारांचा' ठरवलं. म्हटलं, आता होऊनच जाऊ दे.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी: सिंगलस्पीड माउंटन बाइक म्हणजे पुढे एक चकती, मागे एक फ्रीव्हील, गिअर नाहीत. थोडक्यात आपल्या दूधवाल्याची सायकल, फक्त डोंगरात चालवायची. मी राहतो ते गोल्डन हे गाव डेन्व्हरच्या पश्चिमेला, रॉकी पर्वताच्या पायथ्याशी आहे. इथे घरातून निघालं की अर्ध्या तासात दगडधोंड्यांच्या पायवाटा लागतात. गिअर बदलणारी यंत्रणा दगडावर आपटते, चिखलाने भरते, वाकते. ती काढून टाकली की सायकल शांत होते आणि माणूस घामाघूम. ज्याला हे आवडतं त्याला आवडतं. असो.

हे खूळ नवीन आहे असं मात्र समजू नका. कॅलिफोर्नियात मरीन काउंटीतल्या फेअरफॅक्स गावाजवळ १९७६ साली 'रीपॅक' नावाची उताराची शर्यत सुरू झाली. त्यात पोरं दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या जाडजूड श्विन सायकली घेऊन उतरत. मागे पायडल उलटं दाबून लावायचा ब्रेक. तो इतका तापे की हबातलं ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावं लागे, म्हणून शर्यतीचं नाव रीपॅक. जो ब्रीझने खास या कामासाठी क्रोमोली पोलादाची फ्रेम बांधली ती १९७७ साली. म्हणजे माउंटन बाइकच्या घराण्याचे मूळ पुरुष बिनगिअरचेच.

आता मुद्द्यावर येतो. फ्रेम घ्यायची म्हटली की इथे काय आणि पुण्यात काय, पहिला प्रश्न 'मटेरियल कोणतं?' आणि दुसरा 'वजन किती?' सिंगलस्पीडसाठी हे दोन्ही प्रश्न दुय्यम आहेत. पहिला प्रश्न एकच: चेन ताणायची सोय काय?

गिअरच्या सायकलीत चेन सैल पडली तर मागच्या डिरेलरची स्प्रिंग ती ओढून धरते. त्यामुळे अ‍ॅक्सलसाठी खाली उघडणारी उभी खाच पुरते. चाक वर ढकललं की बसलं, मागेपुढे हलण्याचा प्रश्न नाही. सिंगलस्पीडमध्ये डिरेलर नाही. चेन ताणायची तर क्रँक आणि मागचं चाक यांतलं अंतरच बदलावं लागतं.

ते किती, याचा हिशोब शाळकरी आहे. चेनची एक कडी अर्ध्या इंचाची, म्हणजे १२.७ मिलिमीटर. एक अरुंद, एक रुंद अशा कड्या आलटून-पालटून येतात, म्हणून चेनमध्ये कड्या सम संख्येतच हव्यात. समजा पुढे ३२ दाते, मागे १८, आणि क्रँकपासून अ‍ॅक्सलपर्यंत अंतर ४३० मिलिमीटर. गणित सांगतं की ९२.८६ कड्या हव्यात. बाजारात अशी चेन मिळत नाही! ९२ कड्यांची पुरत नाही, ९४ ची घेतली तर साधारण १४ मिलिमीटर चेन जादा. उभ्या खाचेत हे १४ मिलिमीटर कुठे घालणार? अ‍ॅक्सल सव्वासात मिलिमीटर मागे सरकवता आला असता तर प्रश्नच नव्हता.

यावर हुशार लोक 'अर्धी कडी' नावाचा तुकडा घालून ९३ कड्या करतात. मीही केल्या. माझी पहिली सिंगलस्पीड एका जुन्या, उभ्या खाचांच्या अ‍ॅल्युमिनियम फ्रेमवर बांधली होती आणि चेन अशी काही छान बसली की मी सहकाऱ्यांना वही काढून हिशोब दाखवत फिरलो. चेन झिजते हे मात्र वहीत नव्हतं. अर्धा टक्का झीज ही काही मोठी गोष्ट नव्हे. पण ९३ कड्यांवर ती सहा मिलिमीटर होते. आधीचे दीड धरले तर साडेसात. एवढ्याने खालची चेन मधोमध चार सेंटिमीटर खाली ओढता येते. व्हाइट रँचच्या चढावर मी पायडलवर उभा राहिलो, चेन पडली, पाय मोकळा फिरला आणि मी हँडलवरून पलीकडे. डावं कॉलरबोन मोडलं. डॉक्टरने सहज विचारलं, काम काय करता? म्हटलं, धातूंच्या थकव्यावर संशोधन. तो हसला नाही, हे त्याचे उपकार.

तर चेन ताणायची सोय हवी. ती चार प्रकारांनी होते.

एक, मागे उघडणारी आडवी खाच. सर्वांत साधी, सर्वांत जुनी. पण उभं राहून रेटताना, माझ्या ७५ किलो वजनाने आणि १७५ मिलिमीटरच्या क्रँकने चेनवर सुमारे २०० किलोचा ताण येतो आणि तो अ‍ॅक्सलची उजवी बाजू पुढे ओढतो. म्हणून चेन अ‍ॅडजस्टर हवाच. शिवाय डिस्क ब्रेक असेल तर चाक सरकवल्यावर ब्रेकही पुन्हा जुळवावा लागतो.

दोन, क्रँकचा अ‍ॅक्सलच एका विकेंद्री नळकांड्यात बसवायचा आणि ते फिरवून अंतर बदलायचं. चाकाला हात लागत नाही, पण वाळू गेली की कुरकुर सुरू.

तीन, सरकत्या पट्ट्या. चाक आणि ब्रेक दोन्ही पट्टीवर बसतात आणि एकत्र सरकतात. बोल्ट जपून आवळावे लागतात, एवढाच त्रास. माझं मत हिला.

चार, एका खिळीवर झुलणाऱ्या पट्ट्या. काम तेच.

'मग उभ्या खाचेच्या फ्रेमला स्प्रिंगचा टेन्शनर लाव की!' असं भाचा म्हणतोच आहे. लावता येतो, चालतोही. घरात जुनी फ्रेम पडली असेल तर जरूर लावावा, नवी फ्रेम घेऊच नये. पण ज्या लटकणाऱ्या वस्तूला कंटाळून गिअर काढले, तशीच वस्तू पुन्हा लटकवायची, आणि त्यासाठी पहिला पगार घालायचा? हे मला पटत नाही.

आता वजन. कार्बनची फ्रेम १२०० ग्रॅम, पोलादाची अडीच किलो. फरक १.३ किलो. मी ७५ आणि सायकल १२, मिळून ८७ किलो. म्हणजे फरक दीड टक्का. वीस मिनिटांच्या चढात १८ सेकंद! शर्यतीत उतरणाऱ्याने या १८ सेकंदांसाठी जरूर पैसे मोजावेत. रविवारी सकाळी टेकडी चढून वर पोहे खाणाऱ्याने नाही.

पण पोलादभक्तांनीही लगेच टाळ्या पिटू नयेत. 'पोलाद थकत नाही, अ‍ॅल्युमिनियम थकतं' हे त्यांचं लाडकं वाक्य. पोलादाला थकव्याची एक मर्यादा असते आणि तिच्याखालचा ताण ते जवळजवळ कायम सोसतं, हे प्रयोगशाळेतल्या गुळगुळीत नमुन्याबद्दल खरं आहे. वेल्ड, गंज आणि ओरखडे आले की ती मर्यादा पुस्तकातल्यासारखी राहत नाही. नीट बांधलेली अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम वाईट बांधलेल्या पोलादी फ्रेमला सहज पुरून उरते.

तरी मी पोलाद घेतलं, त्याची कारणं वेगळी आहेत. पहिलं, ते चांगल्या कारागिराकडून पुन्हा जोडून घेता येतं. दुसरं, ते थोडं वाकतं. मागच्या हबची रुंदी आधी १३५ मिलिमीटर होती, मग १४२ झाली, २०१५ च्या सुमारास १४८ आली. प्रत्येक वेळी जुनी चाकं बाद. सर्ली या अमेरिकन कंपनीने 'कराटे मंकी'च्या पोलादी फ्रेममध्ये मागचं अंतर मुद्दाम १४५ ठेवलं, म्हणजे किंचित दाबून १४२ चा हब बसतो आणि किंचित ताणून १४८ चा. कार्बनला असं ताणायला सांगून बघा. २६ इंची चाकांच्या चांगल्या फ्रेम अशाच एका बदलात जुन्या झाल्या आणि इथे लोकांच्या गॅरेजमध्ये टांगलेल्या आहेत. मोडल्या म्हणून नव्हे, भाग मिळेनात म्हणून. दर काही वर्षांनी अशी रुंदी बदलायची आणि तिला प्रगती म्हणायचं, याचा मला राग येतो. नोकरीला लागलेल्या पोराच्या पगारावर ही प्रगती चालते.

मला सगळ्यात हसू येतं ते वेगळ्याच गोष्टीचं. मी कॉलरबोन मोडून जे शिकलो ते कराडला आमच्या बाबांच्या काळ्या सायकलीत होतंच. मागे आडवी खाच, अ‍ॅक्सलच्या दोन्ही बाजूंना चेन अ‍ॅडजस्टर. कोपऱ्यावरचा सायकलवाला पान्याने नट सैल करायचा, चाक मागे ओढायचा, अंगठ्याने चेन दाबून बघायचा, हात पुसायचा. मी शेजारी उभा राहून हे शंभर वेळा बघितलं असेल. कधी विचारलं नाही की हे असं का. त्या सायकलीला गिअर नाहीत म्हणून मला तिची लाज वाटायची. पुढे ती भंगारात गेली.

तेव्हा भाचेबुवा, कार्बन घ्या, पोलाद घ्या, परवडलं तर टायटॅनियम घ्या. सेकंडहँड मिळाली तर उत्तमच. पण पुढच्या वेळी फ्रेमचा फोटो पाठवशील तेव्हा मागच्या टोकाचा पाठव, जवळून काढलेला. तिथे सरकायची सोय दिसली तर मी माझे कपडे इथेच ठेवून फ्रेम आणीन. ताईला सांग, बॅगेत जागा आहे.