धरण उशाला, कोरड घशाला: अमेरिकेतली गोष्ट

अमेरिकेत कौंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. फरक एवढाच की तिथे वरून कलेक्टर येत नाही. शेरीफ, सरकारी वकील, कर गोळा करणारा अधिकारी, सगळे लोकांनी निवडून दिलेले. ऐकायला भारी वाटतं. पण निवडून आलेल्यांच्या हातात नेमकं असतं काय? त्यासाठी कॅलिफोर्नियातली इन्यो कौंटी बघा.

क्षेत्रफळ 26 हजार चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे सात गोवे मावतील. लोकसंख्या 2020 च्या जनगणनेत फक्त 19,016. नगरपालिका असलेलं शहर एकच, बिशप. पश्चिम सीमेवर 4,421 मीटर उंच माउंट व्हिटनी आणि पूर्वेला डेथ व्हॅलीत समुद्रसपाटीच्या 86 मीटर खाली गेलेलं बॅडवॉटर.

एवढी मोठी कौंटी, पण खासगी मालकीची जमीन दोन टक्केही नाही! नव्वद टक्क्यांहून जास्त केंद्र सरकारची. आणि खोऱ्यातली मोक्याची जमीन आहे लॉस एंजेलिस शहराची. या शहराने 1905 पासून इथल्या जमिनी पाण्याच्या हक्कासकट विकत घेतल्या आणि 1913 मध्ये 375 किलोमीटरचा कालवा काढून ओवेन्स नदी पळवली. दहा-पंधरा वर्षांत ओवेन्स तलाव आटला. मग तळाची खारट धूळ उडून लोकांच्या छातीत जायला लागली. आणि शेतकऱ्यांच्याही आधी इथे पाट काढून पाणी खेळवणाऱ्या पायूट लोकांना तर 1863 मध्येच सैन्याने हुसकावलं होतं. म्हणजे लुटीचा क्रमही लक्षात ठेवा.

1970 मध्ये शहराने दुसरा कालवा सुरू केला आणि भूजलाचा उपसा वाढवला. तेव्हा मात्र कौंटीने पर्यावरण कायद्याचा आधार घेऊन 1972 मध्ये शहराला कोर्टात खेचलं. पाच सदस्यांचं बोर्ड एका बाजूला, लाखोंचं शहर दुसऱ्या बाजूला. शेवटी 1991 मध्ये करार झाला, उपशावर कौंटीची नजर आली. 2006 च्या डिसेंबरात नदीच्या खालच्या सुमारे 100 किलोमीटर कोरड्या पात्रात पुन्हा पाणी सोडलं गेलं. धूळ दाबायला शहराला दोन अब्ज डॉलरच्या वर खर्च करावा लागला, कारण तीन कौंट्यांच्या हवा प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तसा आदेश द्यायचा कायदेशीर अधिकार होता.

सगळं गोड झालं असं अजिबात नाही. पाणी आजही लॉस एंजेलिसलाच जातं. तलाव काही परत भरला नाही.

पण माझं म्हणणं एवढंच आहे. इन्योमध्ये मतदान 1913 लाही होतं, तरी नदी गेली. जे थोडंफार परत मिळालं ते कायद्याने हातात अधिकार आल्यावर. नुसतं निवडून देऊन भागत नाही. मोठ्या शहराला 'थांब' म्हणायचा अधिकार स्थानिक संस्थेकडे नसेल, तर ती संस्था फक्त सह्या करायला उरते.

तुम्हाला काय वाटतं?