दावणीला बैल हवा

बैलगाडी शर्यतींवरचे कायद्याचे सावट १८ मे २०२३ रोजी दूर झाले. तमिळनाडूचा जल्लीकट्टू, कर्नाटकचा कंबाला आणि महाराष्ट्रातील बैलगाडी शर्यत यांना मुभा देणारे त्या-त्या राज्यांचे कायदे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने वैध ठरवले. २०११ची केंद्राची अधिसूचना, ७ मे २०१४ची बंदी, २०१७चा राज्याचा कायदा, त्यावर उच्च न्यायालयाची स्थगिती आणि १६ डिसेंबर २०२१ची अंतरिम परवानगी अशी मोठी वाट तुडवून हा निकाल आला. शर्यत कोर्टात जिंकली. गोठ्यात मात्र ती हरण्याच्या बेतात आहे.

देशातील नर गोवंशाची संख्या २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांदरम्यान सुमारे ३० टक्क्यांनी घटली. कारणे खान्देशातील भडगाव, पाचोरा, चाळीसगावच्या कोणत्याही शेतकऱ्याला तोंडपाठ आहेत. नांगरट आणि पेरणी ट्रॅक्टरने होते. जोडी सांभाळणारा सालदार मिळत नाही. कापूस, केळी आणि मक्यामुळे ज्वारी मागे पडली, त्यामुळे कडबा महागला. सरकी ढेपेचे भाव तर विचारायलाच नकोत. २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आहे. पण थकलेला बैल पुढे पोसायचा कोणी, याचे उत्तर अल्पभूधारकाला कोणी दिलेले नाही. पोळ्याला मातीच्या बैलांची पूजा करणारी घरे वाढत आहेत, ती यामुळेच.

खान्देशाला खिल्लारची स्वतःची शाखा आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी थिलारी पशुपालकांनी जोपासलेली ही जनावरे तापी खिल्लार म्हणून ओळखली जातात. ती टिकवण्याचे एक हक्काचे निमित्त म्हणजे शर्यत. पळणाऱ्या गोऱ्ह्याला किंमत येते, म्हणून गाय सांभाळली जाते. हा दुवा तुटला तर वंशही जाईल.

म्हणूनच शर्यतीचे आजचे रूप काळजी वाढवणारे आहे. काही ठिकाणी बक्षिसाला ट्रॅक्टर, जेसीबी, चारचाकी ठेवली जाते. एवढ्या बक्षिसासाठी लाखोंचे बैल आणणारेच उतरतात. शेतात राबणारी जोडी घेऊन येणारा शेतकरी कडेला उभा राहून पाहतो. हव्यासापोटी नियम पायदळी तुडवले जातात. कासरा सुटण्याच्या क्षणी कोणी शेपटी पिरगाळतो, कोणाच्या बाहीतून पराणी बाहेर येते, आणि बैलाच्या पुठ्ठ्यावर रक्ताचा ठिपका उमटतो. हा ठिपका लपवणारा शर्यतीचा मित्र नव्हे. क्रूरता केल्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद राज्याच्या कायद्यात आहे. न्यायालयाने विश्वास टाकला तो याच अटींवर.

खेळ गावाच्या हाती कसा ठेवायचा, हे केरळकडून शिकण्यासारखे आहे. अलाप्पुळाची नेहरू ट्रॉफी नौकाशर्यत १९५२ पासून चालत आली आहे. तिथल्या लांबलचक सर्पनौका अनेकदा साऱ्या गावाच्या मालकीच्या असतात. वल्ही मारणारे हात गावचे आणि इभ्रतही गावचीच. आपल्याकडे सांगलीत कृष्णेच्या पात्रात होड्यांच्या शर्यती होतात, त्यातही गावेच ईर्ष्येने उतरतात. ज्या खेळाची मालकी गावाकडे असते, त्याला पुढाऱ्याच्या वाढदिवसाची वाट पाहावी लागत नाही.

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत हे घडवता येईल. गावोगावच्या यात्रा ठरलेल्या आहेत. तालुकावार शर्यतींचे वेळापत्रक प्रशासनाने आधीच जाहीर करावे आणि लहान गावांसाठी परवानगीची प्रक्रिया सुटसुटीत करावी. प्रत्येक जोडीची पशुवैद्यकीय तपासणी देखाव्यापुरती नको, धावण्याआधी आणि नंतरही व्हावी. प्रेक्षकांसाठी भक्कम कठडे हवेत, कारण बिथरलेली जोडी गर्दीत शिरली की माणसे जिवाला मुकतात. बक्षिसाच्या रकमेतला ठरावीक वाटा तापी खिल्लारचे गोऱ्हे वाढवणाऱ्यांना द्यावा आणि शेतकामाच्या जोड्यांसाठी वेगळा गट ठेवावा. पराणी सापडलेल्या जोडीला आयोजकांनी स्वतःहून बाद करावे, मग ती कोणाचीही असो.

परंपरेच्या नावाने आपण अनेक वर्षे न्यायालयात भांडलो. त्या परंपरेचा धनी बैल आहे. तो सामान्य शेतकऱ्याच्या दावणीला परवडेल आणि मैदानात सुरक्षित राहील, एवढी व्यवस्था येत्या यात्रांच्या हंगामाआधी उभी करणे हे शर्यतशौकिनांचे आणि सरकारचे कर्तव्य आहे. त्यात कुचराई झाली, तर शर्यत बंद पाडायला उद्या कोणाला कोर्टात जावे लागणार नाही.