नवलकोलाचा टाकाऊ पाला

मंडईत नवलकोल तोलून देताना विक्रेती त्याच्या माथ्यावरचा पाला एका हिसक्यात मोडून मागच्या ढिगात भिरकावते, आणि पिशवी हलकी झाली म्हणून आपणही त्यास मूक संमती देतो. वस्तुतः त्या क्षणी एका उत्तम सुपाचा निम्मा ऐवज आपण गुरांच्या हवाली केलेला असतो. हे विधान ज्यांस अतिशयोक्तीचे वाटेल त्यांनी पोर्तुगालच्या उत्तरेकडील मिन्यो प्रांताचा दाखला पाहावा. बटाटा, कांदा, लसूण, ऑलिव्हचे तेल आणि गड्डा न धरणाऱ्या एका उंच कोबीची पाने, एवढ्या मामुली सामग्रीवर तेथील शेतकऱ्यांनी ‘काल्दु व्हेर्द’ नामक जे सूप सिद्ध केले, ते 23 जूनच्या रात्री पोर्तो शहरात संत जॉनच्या उत्सवात आवर्जून प्यायले जाते. आणि 2011 साली त्या देशाने आपल्या खाद्यपरंपरेतील सात आश्चर्ये निवडली, तेव्हा त्यांतही त्याची वर्णी लागली. ती कोबी आणि आपला नवलकोल ही दोन्ही वनस्पतिशास्त्राच्या दप्तरी एकाच जातीची म्हणून नोंदलेली आहेत. गोव्यातील ख्रिस्ती घरांत हे सूप पोर्तुगीज अमलात रुजले. तेथे पुष्कळदा पालकावरच भागवतात, आणि ते वाईट लागते असे नाही. परंतु पालक शिजताच लोळागोळा होतो, नवलकोलाचा पाला दाताखाली आपले अस्तित्व राखून असतो.

चार माणसांस अर्धा किलो जुने, पिठूळ बटाटे पुरेत. सोललेल्या फोडी, एक कांदा, लसणीच्या दोन-तीन पाकळ्या आणि मीठ सव्वा लिटर पाण्यात घालून बटाटा बोटाने चेपावा इतका मऊ होईतो शिजवावे व डावाच्या पाठीने किंवा रवीने घोटावे. येथे मिक्सरला सक्त मनाई असावी, कारण त्याच्या वेगवान पात्यांनी बटाट्याच्या पेशी फुटून आतले पिष्ट मोकळे होते आणि सुपाची खळ बनते. पाल्याच्या मधल्या जाड शिरा काढून, पाने एकावर एक रचून त्यांची घट्ट सुरळी करावी आणि धारदार सुरीने केसासारखी बारीक चिरावी. या चिरण्यात जो आळस करील त्याने या पदार्थाच्या वाटेस जाऊ नये. चिरलेला पाला उकळत्या रसात टाकून तीन-चार मिनिटे, झाकण न ठेवता शिजवावा. झाकण ठेवल्यास पाल्यातील आम्ले वाफेबरोबर निघून न जाता पातेल्यातच राहतात आणि हिरवा रंग शेवाळी होतो. रंग टिकवण्यासाठी चिमूटभर सोडा टाकण्याची जी हॉटेली युक्ती आहे, तिने रंग राहतो खरा, पण क जीवनसत्त्व जाते व पानाचा लगदा होतो. पोर्तुगीज लोक वाढताना वरून तेलाची धार धरतात आणि सॉसेजची एखादी चकती सोडतात. शाकाहारी गृहस्थास चकती वगळण्याची पूर्ण मुभा आहे, आणि ऑलिव्हचे तेल परवडत नसेल तर घाण्याचे शेंगदाणा तेल मला तरी कमी प्रतीचे वाटत नाही.

सूप म्हणजे कॉर्नफ्लोअरने दाट केलेले, चकाकणारे पाणी, ही समजूत हॉटेलांनी आपल्या मनात इतकी पक्की केली आहे की पुष्कळ सुगृहिणीही पाहुणे आले म्हणजे पाकीटच फोडतात. बटाटा स्वतःच दाटपणा देत असता पिठाची ही वेगळी तरतूद करण्याचे प्रयोजन काय, हे मला उमगलेले नाही. पाला उग्र लागतो ही तक्रार मात्र अगदीच निराधार नव्हे; जून, राठ पाने कडवट असतातच, म्हणून तुऱ्याच्या मधली कोवळी पाने तेवढी घ्यावीत आणि बाहेरच्या पानांवर हक्क सांगू नये.

मिन्योत यासोबत मक्याच्या पिठाचा जाड पाव खातात. आपण ज्वारीची भाकरी कुस्करावी. सूप उरेल असे दिसले तर पाला सगळ्या रसात घालू नये. निम्मा रस बाजूस काढून ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी तो उकळल्यावरच त्यात ताजा पाला चिरून टाकावा.