विश्लेषण : ‘एलिफंटा’ पर्यटकांची, घारापुरी कोणाची?

देवगिरी एक्स्प्रेसने उमरी-नांदेडहून मुंबई पाहायला जाणाऱ्यांचा एक बेत ठरलेला असतो : आधी गेट वे ऑफ इंडिया आणि मग बोटीने ‘एलिफंटा’. याच मार्गावर १८ डिसेंबर २०२४ रोजी नौदलाच्या स्पीडबोटीने ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला धडक दिली. त्यात १५ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर लाइफ जॅकेट, बोटींची क्षमता आणि जेट्टी यांवर भरपूर चर्चा झाली. मात्र ज्यांना रोज याच पाण्यातून ये-जा करावी लागते, त्या बेटावरच्या रहिवाशांचा विषय मागेच राहिला.

बेट नेमके कोणत्या जिल्ह्यात?

घारापुरी मुंबईच्या समोर असले तरी ते रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्यात येते. शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर ही इथली तीन गावे. वस्ती हजार-बाराशेच्या आसपास. कॉलेज असो की मोठे हॉस्पिटल, समुद्र ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही. पर्यटकाची तासाभराची सफर ही गावकऱ्यांची रोजची एसटी आहे.

नाव हत्तीवरून, मग हत्ती कुठे आहे?

१५३४ मध्ये गुजरातच्या सुलतानाकडून हा परिसर पोर्तुगीजांकडे गेला. राजबंदरजवळचा भला मोठा दगडी हत्ती पाहून त्यांनी बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले. पुढे इंग्रजांनी हा हत्ती १८६४ मध्ये इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न केला. उचलतानाच तो कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. १९१४ मध्ये ते पुन्हा जोडण्यात आले. आज हा हत्ती भायखळ्याला राणीच्या बागेशेजारी, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. हत्ती भायखळ्यात, नाव मात्र बेटावर!

‘त्रिमूर्ती’ म्हणजे ब्रह्मा-विष्णू-महेश?

अनेकांचा तसा समज आहे. प्रत्यक्षात सुमारे २० फूट उंचीचे हे शिल्प सदाशिवाचे असून दिसणारी तिन्ही मुखे शिवाचीच रूपे मानली जातात. मुख्य लेणे साधारण सहाव्या शतकातले. ते कोणत्या राजवटीत कोरले गेले यावर अभ्यासकांचे एकमत नाही. कलचुरींचे नाव अधिक घेतले जाते. १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्ससाठी याच लेण्यात शाही मेजवानी झाली. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या टपाल तिकिटावर त्रिमूर्ती आली आणि हे शिल्प घरोघरी पोहोचले.

मग वीज इतक्या उशिरा का?

लेण्यांना युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा १९८७ मध्ये मिळाला. गावांना कायमची वीज मिळाली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, म्हणजे ३१ वर्षांनी. त्यासाठी समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटर केबल टाकावी लागली. तोवर संध्याकाळचे काही तास जनरेटर चाले, नंतर अंधार. शेवटच्या बोटीने परतणाऱ्या पर्यटकाला तो कधी दिसलाच नाही. पर्यटकांना बेटावर मुक्कामाची परवानगी नाही.

जगात अन्यत्र काय घडले?

प्रशांत महासागरातील चिलीच्या ताब्यातले ईस्टर बेट याच वाटेने गेले. १७२२ मध्ये ईस्टर सणाच्या दिवशी डच खलाशी तिथे पोहोचले आणि ‘रापा नुई’चे ‘ईस्टर’ झाले. तिथला एक ‘मोआई’ पुतळा इंग्रजांनी १८६८ मध्ये उचलून नेला. तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे आणि बेटवासी तो परत मागत आहेत. फरक पुढे पडला. २०१७ मध्ये तिथल्या राष्ट्रीय उद्यानाचे व्यवस्थापन स्थानिकांच्या ‘माउ हेनुआ’ संस्थेकडे देण्यात आले. २०१८ पासून बाहेरच्यांच्या मुक्कामावर ३० दिवसांची मर्यादा आली.

घारापुरीत लेण्यांच्या तिकिटाचे पैसे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे जातात. ग्रामपंचायतीला मिळतो तो नाममात्र प्रवासी कर. बाकी कमाई पायऱ्यांवरची दुकाने, खाणावळी आणि मासेमारीची. खवळलेल्या समुद्रामुळे बोटी बंद राहिल्या की दुकानातला गल्लाही रिकामा.

आता पुढे काय?

गेट वेवरची गर्दी कमी करण्यासाठी रेडिओ क्लबजवळ नवी जेट्टी उभारण्याच्या प्रकल्पाला मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये काही अटींसह मान्यता दिली. कुलाब्यातील रहिवाशांनी विरोध केला, कोर्टात गेले, त्यांचे म्हणणे ऐकले गेले. बोटीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या तीन गावांना या नियोजनात स्थान किती, हा खरा मुद्दा आहे. रात्री-अपरात्री रुग्णाला पैलतीरी नेण्याची सोय, रहिवाशांसाठी पावसाळ्यातही भरवशाची बोट आणि तिकिटाच्या उत्पन्नातला ठरावीक वाटा या तीन गोष्टींवर निर्णय झाला, तरच जागतिक वारशाचा लाभ लेण्यांच्या पायऱ्या उतरून गावापर्यंत पोहोचेल.

जाणार असाल तर : सोमवारी लेणी बंद असतात. बोटीत गर्दी असेल तर पुढची बोट घ्या आणि लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसू नका. ‘नीलकमल’ची परवानगी ८४ प्रवाशांची होती, त्या दिवशी बोटीत १०० हून अधिक लोक होते.