आधी घर, मग पाखरू

खेड्यापाड्यांतील घरांच्या पडवीत अलीकडे हिरव्या, निळ्या व पिवळ्या रंगांच्या लहान पोपटांचे पिंजरे दिसू लागले आहेत. आठवड्याच्या बाजारातून एखादे जोडपे हौसेने आणले जाते, काही महिन्यांनी त्यास पिले होतात, आणि मग गावपातळीवरील कार्यकर्त्यापुढे प्रश्न येतो की, हा पक्षी पाळण्यास कायद्याची हरकत आहे काय, आणि यातून एखादा जोडधंदा उभा राहील काय? या प्रश्नांना मोघम उत्तर देणे किंवा ते हसण्यावारी नेणे ही दोन्ही धोरणे चुकीची होत. पक्षी अवश्य पाळावा, परंतु त्याचे घर आधी बांधावे. वीण मोजकी घ्यावी. आणि त्यास उत्पन्नाचे साधन समजू नये, असे स्पष्ट मत या बाबतीत मांडणे आवश्यक आहे.

पक्ष्याची ओळख

बाजारात या पक्ष्यास सर्रास ‘लव्ह बर्ड’ म्हणतात. ते नाव चुकीचे आहे. खरा लव्ह बर्ड हा आफ्रिकेतील आखूड शेपटीचा पोपट असून प्रस्तुत पक्षी म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागात थव्याने राहणारा बजरीगर होय. या नावाचा आपल्या बाजरीशी संबंध नाही. ते तेथील मूळ रहिवाशांच्या भाषेतून आले आहे. शास्त्रज्ञांनी त्याचे वर्णन १८०५ साली प्रसिद्ध केले आणि जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञाने १८४० साली जिवंत पक्षी इंग्लंडमध्ये नेले. रानातील बजरीगर हिरवा व पिवळा असतो. निळा, पांढरा इत्यादी रंग माणसाने पुढे निवड करून वाढविले. लांबी सुमारे सात इंच व वजन ३० ते ४० ग्रॅम एवढाच हा जीव असतो. परंतु नीट सांभाळल्यास तो पाच ते आठ वर्षे, क्वचित त्याहूनही अधिक जगतो. म्हणजे ही जबाबदारी एका हंगामाची नव्हे, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

देशी पोपट व परदेशी पोपट

आपल्याकडील कंठवाला हिरवा पोपट, करण पोपट, तुईया हे सर्व वन्य पक्षी आहेत. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाप्रमाणे ते पकडणे, विकणे किंवा घरी बाळगणे हा गुन्हा आहे. तरीही हिवाळ्याच्या अखेरीस झाडांच्या ढोलीतून पोपटाची पिले काढण्याचा प्रकार पुष्कळ गावांत चालतो. मुले उंच झाडावर चढून जीव धोक्यात घालतात, ढोली फोडली जाते, आणि काढलेल्या पिलांपैकी कित्येक चुकीच्या आहाराने मरतात. फोडलेली ढोली पुढील वर्षी कोणत्याच पक्ष्याच्या उपयोगी पडत नाही. पिंगळ्यासारखे उंदीर खाणारे पक्षीही अशाच ढोलीत राहतात, तेव्हा यात शेतकऱ्याचे स्वतःचेही नुकसान आहे.

बजरीगराची गोष्ट वेगळी आहे. तो या देशाचा वन्य पक्षी नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्यांची ती संतती आहे. त्यामुळे घरी पाळण्यास त्या अधिनियमाची आडकाठी नाही. मात्र विक्रीचे दुकान काढणाऱ्यास २०१८ सालच्या नियमांप्रमाणे राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. घरात पाखराचा नाद असेल तर तो ढोलीकडून बजरीगराकडे वळविणे, हे कार्यकर्त्याचे पहिले काम होय.

पिंजऱ्यात पाखरू ठेवणे योग्य काय?

कोणताही पक्षी कोंडणे हे पापच होय, असे म्हणणारे सज्जन आहेत. त्यांच्या भावनेचा आदर करावयास हवा. परंतु पिंजऱ्यात जन्मलेला बजरीगर पुण्य म्हणून सोडून दिल्यास त्याला दाणा शोधता येत नाही. कावळे व शिक्रा त्यास फार दिवस जगू देत नाहीत. अशा सुटकेस दया म्हणता येणार नाही. खरा दोष वेगळ्याच ठिकाणी आहे. वीतभर पिंजऱ्यात एकटाच पक्षी टांगून ठेवणे, हे थव्याने राहणाऱ्या व दूरवर उडणाऱ्या जातीवर अन्याय करणारे आहे. हालचालीस पुरेशी जागा न देता प्राण्यास कोंडून ठेवणे हे १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियमानेही निषिद्ध मानले आहे. म्हणून पक्षी किती घ्यावेत हे खिशावरून न ठरविता जागेवरून ठरवावे.

घराची बांधणी

बजरीगर आडवा उडतो, वर चढत नाही. म्हणून पक्षिघरास उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची. तीन जोड्यांसाठी सहा फूट लांब, तीन फूट रुंद व उभे राहून झाडता येईल एवढे उंच घर असावे. जाळीचा घर अर्ध्या इंचाहून मोठा नको. नव्या जस्ती जाळीवरील जस्ताची भुकटी पोटात गेल्यास विषबाधा होते. यासाठी जाळी व्हिनेगरने घासून, धुऊन, वाळवून मगच लावावी. खाली सिमेंटचा चौथरा घ्यावा, म्हणजे उंदीर-घुशी पोखरून आत येणार नाहीत व त्यांच्या मागे सापही येणार नाही. दाराला दुहेरी रचना करावी. एक दार लावल्यावाचून दुसरे उघडू नये.

सकाळचे ऊन आत यावे व पावसाची बाजू बंद असावी. कोकणात नैऋत्येकडील बाजू पूर्ण झाकावी. मराठवाडा-विदर्भात उन्हाळ्याचीच भीती अधिक. तेथे नुसत्या पत्र्याखाली पक्षी ठेवू नयेत. पत्र्यावर उसाचे पाचट किंवा गवत पसरावे आणि दुपारी ओले तरट बाजूला सोडावे. बसण्यासाठी गुळगुळीत गोल दांड्या घालण्याऐवजी पेरू, जांभूळ वा कडुनिंबाच्या कमीजास्त जाडीच्या फांद्या बांधाव्यात, म्हणजे पायांना फोड येत नाहीत. चुलीचा धूर व चिकटरोधक तव्याचा जळका वास येथे पोहोचू देऊ नये; तापलेल्या अशा तव्याच्या वाफेने पक्षी मिनिटांत दगावतात. फवारणीचा पंप व औषधांचे डबे ज्या खोलीत असतील, त्या खोलीत पक्षिघर मुळीच नको.

दाणापाणी

राळा, वरी व बाजरी ही सालासकटची बारीक धान्ये या पक्ष्याचे मुख्य अन्न होय. राळ्याचे कणीस तसेच टांगून दिले तर त्याला खाण्याबरोबर कामही मिळते. एका पक्ष्यास दिवसाला सुमारे दोन चहाचे चमचे दाणा पुरतो. सूर्यफुलाचे बी तेलकट असल्याने क्वचितच द्यावे. येथे दोन धोके आवर्जून सांगावयास हवेत. पहिला असा की, पेरणीतून उरलेले, औषध चोळलेले रंगीत बियाणे पाखरांना कधीही घालू नये; बीजप्रक्रियेचे औषध विषारी असते व धुऊनही बियाणे खाण्यायोग्य होत नाही. दुसरा धोका दिसत नाही. बजरीगर दाणा सोलून साल वाटीतच टाकतो. वरून पाहणाऱ्यास वाटी भरलेली दिसते आणि खाली पक्षी उपाशी राहतो. रोज सकाळी वाटी हातात घेऊन फुंकर मारावी, तेव्हाच शिल्लक दाण्याची खरी कल्पना येते.

धान्याच्या जोडीला धुतलेली कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा पाला व भिजवून मोड आणलेली बाजरी द्यावी. नुकत्याच फवारलेल्या वाफ्यातील पाला आणू नये. चुन्याची गरज समुद्रफेसाने भागते. तो जाळीला बांधून ठेवावा. पाणी रोज बदलावे व उन्हाळ्यात दोन वेळा बदलावे.

वीण व तिचा हिशेब

पूर्ण वाढलेल्या नराच्या चोचीवरील नाकपुड्यांचा भाग बहुधा निळा व मादीचा तपकिरी असतो. पिवळ्या व पांढऱ्या जातींत नराचा हा भाग गुलाबी-जांभळट राहतो. चार-पाच महिन्यांतच पक्षी जोडा धरू लागतात, परंतु दहा-बारा महिने पूर्ण होण्यापूर्वी वीण घेऊ नये. कोवळ्या मादीच्या पोटात अंडे अडकून ती मरण्याचा धोका असतो.

मादी दिवसाआड एक याप्रमाणे चार ते सहा अंडी घालते, सुमारे अठरा दिवस उबविते व पिले पाचव्या आठवड्याच्या सुमारास घरट्याबाहेर येतात. घरटे म्हणून मडके टांगण्याची पद्धत आहे. परंतु त्याच्या गुळगुळीत तळावर पिलांचे पाय फाकून कायमचे अधू होऊ शकतात. खोलगट तळाची लाकडी पेटी व तिच्यात औषध न लावलेल्या लाकडाचा जाड भुसा, ही सोय अधिक चांगली. पेट्या जोड्यांपेक्षा एक-दोन अधिक असाव्यात आणि एकही जादा मादी आत नसावी; पेटीसाठी माद्या एकमेकींना व पिलांनाही मारतात. वर्षातून दोन विणींनंतर पेट्या काढून घ्याव्यात. भावाबहिणींचा जोडा लावू नये.

आता जोडधंद्याचा प्रश्न. दोन विणींत चार-चार पिले जगली तर एका जोडीपासून वर्षाला आठ, आणि तीन जोड्यांपासून चोवीस पक्षी होतात. कागदावर हे गणित आकर्षक दिसते. परंतु हे पक्षी घेणार कोण? शेजाऱ्याने यंदा एक जोडी घेतली की पुढील वर्षी तोच विकणारा होतो; गिऱ्हाईक होते ते प्रतिस्पर्धी बनते. अंडे किंवा दूध रोज खपते, पाखरू खपत नाही. न विकलेले पक्षी त्याच घरात राहतात, गर्दी होते, गर्दीतून भांडणे व रोग येतात, आणि अखेर पक्षी येईल त्या किमतीस व्यापाऱ्याच्या टोपलीत जातात. जोडधंद्यासाठी भांडवल गुंतवू इच्छिणाऱ्या कुटुंबाने ते शेळी, कोंबडी किंवा मधमाशीकडे वळवावे. कर्ज काढून किंवा जादा नफ्याची आश्वासने ऐकून बजरीगरांच्या जोड्या घेऊ नयेत, हे कार्यकर्त्याने निःसंकोचपणे सांगितले पाहिजे.

आरोग्य

पिसे फुलवून बसणे, दर श्वासाला शेपटी हलणे, विष्ठा पातळ होणे ही आजाराची लक्षणे होत. एवढ्या लहान जीवाच्या बाबतीत उद्याची वाट पाहण्यास सवड नसते. त्यास वेगळे करून ऊब द्यावी व पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. चोचीभोवती पांढरी खरबरीत खपली दिसल्यास ती सूक्ष्म माइटमुळे असते व उपचाराने बरी होते. नवा पक्षी महिनाभर निराळा ठेवूनच थव्यात सोडावा.

पोपटांचा एक रोग माणसालाही होतो. वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासातून गेल्यास ताप, डोकेदुखी व खोकला येऊ शकतो. म्हणून पक्षिघर कोरडे झाडू नये. पाणी शिंपडून, नाकाला फडके बांधून झाडावे. घरात असा ताप आल्यास पक्षी पाळले असल्याचे डॉक्टरांना अवश्य सांगावे. पक्षिघर कोंबड्यांच्या खुराड्यापासून दूर असावे. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे कोंबड्यांत बर्ड फ्ल्यू आढळला, तेव्हा पक्ष्यांच्या रोगाचा फटका गावाला किती लवकर बसतो हे सर्वांनी पाहिले आहे. कोठेही पक्षी एकाएकी मरू लागल्यास ती बातमी दडवू नये.

कार्यकर्त्याने विचारावयाचे तीन प्रश्न

एवढा खटाटोप करून पदरात काय पडते, असे कोणी विचारील. पैशाने मोजता येईल असे फारसे पडत नाही. परंतु ज्या मुलाने रोज वाटी फुंकून पाहिली, अंड्यांची तारीख वहीत मांडली, आजारी पाखरू वेळीच ओळखले, तो मुलगा उद्या गोठ्यातील जनावराकडेही त्याच डोळ्यांनी पाहतो. पशुपालनाचा पाया म्हणजे ही रोजची नजर होय, आणि ती लहानपणीच लागते.

म्हणून सल्ला मागणाऱ्यास कार्यकर्त्याने तीनच प्रश्न विचारावेत. पक्ष्यांना उडण्यापुरते लांब घर बांधून तयार आहे काय? सुगीच्या व लगीनसराईच्या दिवसांत दाणापाणी कोण पाहील? आणि होणारी पिले कोणाच्या घरी, कोणत्या पिंजऱ्यात जातील? तिन्ही उत्तरे समाधानकारक असतील तर दोन-तीन जोड्या अवश्य आणाव्यात. एकही उत्तर अडले तर पक्षी आणू नये. बांधावरील जुने ढोलीचे झाड राखावे, त्याच्या सावलीत पाण्याचे एक परळ भरून ठेवावे. पोपट तेथे आपणहून येतील, आणि त्यांच्यासाठी कोणासही पिंजरा बांधावा लागणार नाही.